पोट उडत होतं

टॅबलेटवर पत्ता आला तेव्हा ती चौकात सिग्नलला उभी होती, आणि पहिल्या वाचनात तिला तो ओळखूच आला नाही. इमारतीचं नाव, मजला, खोलीचा क्रमांक. रोज सकाळी असा एक पत्ता यायचा. तो वाचायचा, बस ठरवायची, निघायचं. आजही तिने बस ठरवली. त्या थांब्यावर उतरून किराणा दुकानाच्या मागून गेलं तर जिना जवळ पडतो, असं मन आपलं आपण सांगून मोकळं झालं, आणि मग तिला प्रश्न पडला की हा जिना आपल्याला कसा माहीत. सिग्नल सुटला. मागच्या माणसाने खांद्याला धक्का देऊन वाट काढली. ती तिथेच उभी राहून पत्त्याखालच्या ओळी वाचू लागली. मृत : बालक, मुलगा. वय : दोन महिने. माहिती देणार : आई. नावाच्या जागी नाव नव्हतं, आकडा होता. तो तसाच असतो. कित्येक वर्षं ती असे आकडे घेऊन लोकांच्या दारात उभी राहत आली होती आणि त्यात तिला कधी काही खटकलं नव्हतं. आज आकडा वाचता वाचता तिच्या जिभेवर साबणाची चव आली, आणि तिला आठवलं की या आकड्याच्या मानेखाली हात धरून आपण त्याला आंघोळ घातलेली आहे. दादाचं घर होतं ते. तिच्या थोरल्या भावाचं.

तिचं काम सांगायला सोपं होतं आणि ऐकणाऱ्याला नकोसं. दवाखान्यात न पोचता, डॉक्टरच्या नजरेला न पडता जी माणसं घरच्या घरीच जातात, ती कशानं गेली हे शोधणारा एक मोठा अभ्यास शहरात चालला होता. अभ्यास दूरच्या एका विद्यापीठाचा, पैसा तिकडचा, प्रश्नही तिकडेच तयार झालेले. इथली फक्त मरणं, आणि ती विचारत फिरणारी तिच्यासारखी दहाबारा माणसं. मृत्यूनंतर काही महिन्यांनी जायचं, घरच्यांना समोर बसवायचं आणि शेवटचे दिवस कसे गेले ते ठरलेल्या प्रश्नांनी विचारायचं. हो, नाही, माहीत नाही. उत्तरांवरून यंत्र कारण ठरवायचं. पूर्वी अगदी शेवटी एक मोकळी जागा असे, घरचे जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायला. नव्या टप्प्यात ती काढून टाकली, कारण यंत्र ती वाचत नाही आणि वेळ फार जातो. वस्त्यांमधून तिला ‘मरणवाली’ म्हणत. मरणवाली आली गं, अशी हाक जिन्यावरून तिच्या पुढे वर जायची आणि ती दारात पोचेपर्यंत घरातला टीव्ही बंद झालेला असायचा. दादाला या नावाची फार मौज वाटे. “तुझ्याशी जपून राहायला हवं बाई,” तो जेवताना म्हणायचा, “शेवटी माझी चौकशी करायला तूच यायचीस.” बाळ गेल्यापासून त्याने हा विनोद केला नव्हता. खरं तर त्याने कुठलाच विनोद केला नव्हता. लिफ्टच्या दुरुस्तीचं काम होतं त्याचं. त्याने आपणहून रात्रपाळी मागून घेतली होती.

नात्यातलं घर निघालं तर पत्ता परत करायचा, असा नियम होता. एक फोन, दोन वाक्यं. संध्याकाळपर्यंत दुसरी कोणी गेली असती. कोण गेली असती तेही तिला माहीत होतं: एकाचं उत्तर पुरं व्हायच्या आत पुढचा प्रश्न विचारणारी, डोळे सारखे बॅटरीकडे. फोन हातात घेऊन ती बसमध्ये चढली आणि फोन हातातच राहिला. खिडकीची काच चौकटीत सैल होती, ती दातांसारखी वाजत होती. तिला ती सकाळ आठवत होती. आठवत होती असं म्हणणं बरोबर नव्हतं. ती सकाळ तिच्या पोटात कुठेतरी राहतच होती, आणि आज नुसती कूस बदलत होती. दार सताड उघडं. शेजारच्या बायका चपला न काढता आत आलेल्या. वहिनी पलंगाच्या कडेला, छातीवरचं कापड दुधाने भिजलेलं, आणि ते पुसायचं कुणालाच सुचत नव्हतं. बाळाला दादाने घेतलं होतं, जड सामान धरावं तसं दोन्ही हातांनी. आणि आई, तिची स्वतःची आई, मधोमध उभी राहून सगळ्यांदेखत वहिनीला विचारत होती, “अशी कशी गं झोप लागली तुला?” एकदाच विचारलं. परत कधी नाही. पण घरात तो प्रश्न राहून गेला, नि त्याला कुणी उत्तर दिलं नाही, आणि उत्तर न मिळालेल्या प्रश्नाचा हळूहळू निकाल झाला. वहिनी बाळाला पाजता पाजता झोपली आणि तिच्या अंगाखाली बाळ गुदमरलं. असं कुणी बोललं नाही. दादा रात्री बाहेर राहू लागला, आई वहिनीने केलेला चहा मुकाट्याने घेऊ लागली, आणि वहिनी झोपेनाशी झाली. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून असायची म्हणे, दिवा लावून.

आणि तिला स्वतःला काय वाटत होतं? बस वळणावर कलली तशी ती खांबाला धरून उभी राहिली आणि तिने स्वतःला हे विचारलं, कारण विचारणं हेच तिचं पोट भरायचं साधन होतं. तिलाही तेच वाटत होतं. तिने अशी घरं पाहिली होती, तशा मुलाखती घेतल्या होत्या, ते चित्र तिच्या ओळखीचं होतं: थकलेली आई, अरुंद पलंग, पहाट. त्या सकाळी ती पाण्याचा पेला घेऊन वहिनीसमोर उभी राहिली होती आणि मनातल्या मनात तिने कारणापुढे खूणही करून टाकली होती. परक्यांच्या घरात ती तासन्‌तास विचारत बसायची. स्वतःच्या भावाच्या घरात तिने अवाक्षर काढलं नव्हतं. टॅबलेट घेऊन गेलं तर विचारता येईल, हा विचार मनात आला तेव्हा तिला शरम वाटली, आणि त्याच शरमेच्या ओढीने ती तो थांबा आल्यावर उतरली.

दार वहिनीने उघडलं. टॅबलेटकडे पाहिलं, गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. “कामावर आलात, ताई?”

“हो,” ती म्हणाली. “तुझी हरकत असेल तर जाते मी. दुसरी कोणी येईल.”

“दुसऱ्या कोणाला नको सांगायला.” वहिनीने खुर्ची पुढे केली. दादा बाहेर गेला होता, आतल्या खोलीत आई पडली होती. दार लोटलेलं होतं, बंद नव्हतं. दुपार होती. समोरच्या इमारतीत कुणीतरी भिंतीला भोक पाडत होतं, तो आवाज मध्येच थांबायचा आणि थांबला की घर जास्तच गप्प व्हायचं. तिने प्रश्न सुरू केले. आपला आवाज कामाचा झाला आहे हे तिला ऐकू येत होतं, आणि तसा तो झाला म्हणून बरंही वाटत होतं. जन्मल्यावर मूल रडलं होतं का? हो. अंगावर पीत होतं का? हो. शेवटच्या दिवशीही? कमी. ताप होता? कणकण होती, दोन दिवस. खोकला? थोडा. वहिनी सरळ बसून उत्तरं देत होती, शाळेत तोंडी परीक्षेला बसावं तशी, आणि प्रत्येक उत्तरानंतर तिच्या बोटाकडे पाहत होती.

“श्वास नेहमीपेक्षा जलद चालला होता का?”

वहिनीने विचार केला. “जलद असं नाही म्हणता येणार. पोट उडत होतं.”

तिचं बोट थांबलं. पडद्यावर तीन चौकोन होते. “म्हणजे जलद?”

“मी श्वास नाही हो मोजले, ताई. पोट उडत होतं त्याचं. अंगावर दुपटं होतं, ते वर-खाली, वर-खाली.”

“श्वास घेताना छाती आत ओढली जात होती का?”

“छातीकडे नाही पाहिलं. दुपटं होतं ना.”

आपल्या मनाने अर्थ लावायचा नाही, समोरचा म्हणेल तेच; प्रशिक्षणात पहिल्या दिवशी हेच घोकून घेतलं होतं. तिने एका प्रश्नाला ‘नाही’ केलं आणि दुसऱ्याला ‘माहीत नाही’. करताना तिला आपण काहीतरी हातातून पाडतो आहोत असं वाटलं, पण पडल्याचा आवाज झाला नाही. पुढचा प्रश्न आला होता. झोपताना मूल मोठ्या माणसाच्या शेजारी होतं का? हो. एकाच पांघरुणात? हो. वहिनीचा आवाज आता इतका खाली गेला होता की तिला पुढे वाकावं लागत होतं. दवाखान्यात नेलं होतं का? नाही. न नेण्याचं कारण? तिने पर्याय वाचून दाखवले: पैसे नव्हते, वाहन नव्हतं, दवाखाना लांब, आजार गंभीर वाटला नाही.

वहिनीने लोटलेल्या दाराकडे एकदा पाहिलं. “सकाळी बघू असं ठरलं.”

कोणी ठरवलं, हा प्रश्न यादीत नव्हता. तो तिने यादीबाहेर विचारला, जवळजवळ ओठांनीच. “कुणी?”

“आम्ही,” वहिनी म्हणाली.

शेवटचं बटण दाबल्यावर पडद्यावर वर्तुळ फिरू लागलं. नव्या टप्प्यात यंत्र तिथल्या तिथेच संभाव्य कारण दाखवायचं, विचारणाऱ्याने पडताळून पाहावं म्हणून. घरच्यांना ते दाखवायचं नसे. वर्तुळ थांबलं. झोपेत गुदमरणे. त्याच्यापुढे टक्केवारी होती, ती बरीच मोठी होती. तिने टॅबलेट मांडीवर पालथा घातला. हेच तर ती मनात धरून आली होती. मग आता ते पालथं का घालावं?

“काय म्हणतंय ते?”

“अजून फिरतंय.”

“मग कळवणार आम्हाला?”

“तसा नियम नाही, वहिनी. ते सगळं एकत्र करून… तिकडे जातं. आकडेवारीत.”

वहिनी उठली. खुर्ची होती त्या जागी नीट लावून ठेवली. “विचारायला येता आणि सांगायला येत नाही,” ती म्हणाली. रागाने नाही. चहाचं भांडं गॅसवर ठेवता ठेवता म्हणाली, आणि मग गॅस पेटवायचाच विसरली.

मुलाखत पाठवायची राहिली होती. कार्यालयात जाऊन पाठवावी लागे. रस्त्याने जाताना ती ते दोन शब्द तोंडात घोळवत होती. पोट उडत होतं. लहानपणी कुणाच्या तरी तोंडून ऐकले होते ते, कुठल्याशा मुलाबद्दल, दबक्या आवाजात. कुणाच्या ते आठवेना. एक गाडी तिच्या अगदी अंगावरून गेली, चालकाने शिवी दिली, ती दुसऱ्याच कोणाला तरी दिल्यासारखी तिने ऐकली. जलद नाही म्हणाली वहिनी, कारण जलद हा तिचा शब्दच नव्हता. तिला जे दिसलं ते तिने सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं, अगदी दुपट्यासकट. आणि आपण दोन्ही वेळा ते ऐकून बाजूला ठेवलं. यंत्राने जे ठरवलं ते यंत्राने नव्हतंच ठरवलं.

कार्यालयात बैठक सुरू झाली होती. अभ्यासाच्या तिकडच्या प्रमुख आल्या होत्या. कार्यालय त्यांच्याच पैशावर चालत असूनही सगळे त्यांना ‘पाहुण्या बाई’ म्हणत. भिंतीवर कापडी फलक लावला होता: संशोधनातली वसाहतशाही मोडू या. कुणी वर नाही, कुणी खाली नाही, म्हणून खुर्च्या रांगेत न मांडता गोल मांडल्या होत्या. शिपायाने सवयीने गादीची खुर्ची आणून ठेवली होती. पाहुण्या बाईंनी ती नाकारली आणि साध्या खुर्चीत बसल्या, मग त्या गादीवर बसायला दुसरं कोणी धजेना, आणि ती रिकामी खुर्ची वर्तुळात सगळ्यांच्या मध्ये मान ताठ करून उभी होती. सर भाषांतर करत होते. सर म्हणजे इथले प्रमुख, मूळचे मुलांचे डॉक्टर, रुग्णालय सोडून या कामात आलेले, हळू बोलणारे. पाहुण्या बाई म्हणत होत्या की इतकी वर्षं आम्ही प्रश्न तयार करून पाठवत आलो, तुम्ही ते विचारत आलात. हे बरोबर नाही. आमचे प्रश्न कुठे चुकतात ते आज तुम्ही सांगा. त्या मनापासून बोलत होत्या. त्यांच्या गळ्याजवळची कातडी बोलताना लालसर होत होती. सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी खिडकीकडे पाहिलं. कुणीतरी म्हणालं, प्रश्न चांगले आहेत, मॅडम.

“पोट उडणं,” ती म्हणाली. ती अजून दारातच उभी होती, पिशवी खांद्याला.

सरांनी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि ते थांबले. मग त्यांनी ‘लोकांच्या बोलण्यातला एक शब्दप्रयोग’ असं काहीतरी सांगितलं. पाहुण्या बाई पुढे सरसावल्या, अर्थ काय, पुन्हा म्हणा, सावकाश म्हणा. त्यांनी तो शब्द वहीत त्यांच्या लिपीत उतरवला आणि वाचून दाखवला, कुणीतरी हसलं. “वैद्यकीय अर्थ काय?” त्यांनी सरांना विचारलं.

“न्यूमोनिया,” सर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बैठकीचा राहिला नव्हता. “वॉर्डात एखादी आई धावत आली आणि पोट उडतंय म्हणाली की आम्ही पुढचं काही विचारायचो नाही. आधी ऑक्सिजन.”

“मग प्रश्नांत का नाही हे?”

सर बाईंकडे वळले. “होतं. आम्ही पाठवलेल्या मसुद्यात होतं. तुमच्याकडून काढलं गेलं. बाकीच्या देशांत तसा शब्द नाही, तुलना करता येणार नाही, असं कळवलं होतं.”

पाहुण्या बाईंचा चेहरा पडला, खरोखरच पडला. त्या म्हणाल्या, पुढच्या टप्प्यात हे नक्की घेऊ. वहीतल्या त्या शब्दाभोवती त्यांनी गोल काढला. मग तिच्याकडे वळून त्यांनी विचारलं की हे कुठल्या घरात ऐकलंत, आणि तिने सांगितलं, कारण खोटं काय सांगायचं ते तिला वेळेवर सुचलं नाही: माझ्या भावाच्या. माझा भाचा. वर्तुळात हालचाल झाली. पाहुण्या बाई उठून तिच्याजवळ आल्या, तिचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. त्यांचे हात ऊबदार होते आणि डोळ्यांत पाणी होतं. पुढच्या महिन्यात मोठी परिषद आहे, त्या म्हणाल्या, तिथे तुम्ही बोललं पाहिजे, तुमच्या भाषेत, तुमच्या शब्दांत, आम्ही फक्त ऐकू. हा शब्द, आणि तुमच्या भाच्याची गोष्ट. सरांनी भाषांतर केलं. ‘गोष्ट’ म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिला वहिनीची ती सरळ ठेवलेली पाठ दिसली, मोठ्या पडद्यावर, अंधारात बसलेल्या माणसांपुढे. “विचार करते,” ती म्हणाली. इथे नाही म्हणायची हीच रीत होती, आणि पाहुण्या बाईंना ती माहीत नव्हती; त्यांनी तिचा हात आणखी दाबला.

बैठक संपल्यावर सरांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. “नात्यातलं घर. नियम ठाऊक होता तुला.”

“हो.”

“मुलाखत बाद करावी लागेल.”

“म्हणजे बाळ मोजलंच जाणार नाही?”

“नाही.” त्यांनी टॅबलेट घेतला, कारण वाचलं, आणि बराच वेळ त्यांचा अंगठा पडद्यावर नुसता ठेवलेला राहिला. मग त्यांनी तो दाबला. इतक्या सहज झालं ते. पत्ता गेला, आकडा गेला, गुदमरणं गेलं, पोटही गेलं. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट त्या सकाळी दादाच्या हातात पाहिलेलं ते बाळ आता दुसऱ्यांदा कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं.

“सर, तुम्ही सांगाल का घरी येऊन? एकदा. न्यूमोनिया होता म्हणून.”

“मी मूल तपासलेलं नाही.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तुझं म्हणणं बरोबर असणार. पण एक ध्यानात घे. झोपेत गेला म्हटलं की दोषाला एका माणसाची झोप पुरते. न्यूमोनिया म्हटलं की तो वाचला असता. दवाखाना कुठे आहे तुमच्याकडे?”

“पुढच्या वळणावर.”

“तेही तुला घेऊन जावं लागेल घरी.” ते उठले. “घरच्यांना काही कळवायचं नाही हा नियम आहे. तू मला काही विचारलं नाहीस आणि मी काही ऐकलं नाही.”

त्या संध्याकाळी जिना चढताना तिला प्रत्येक मजल्यावर थांबावंसं वाटत होतं. दोन मजल्यांवर ती थांबलीही. सकाळी बघू असं ठरलं. आम्ही. त्या ‘आम्ही’मध्ये कोण कोण होतं? दादाला त्या रात्री बंद पडलेल्या लिफ्टसाठी अचानक बोलावून नेलं होतं, तो पहाटे परतला होता. घरात दोघीच होत्या, आणि त्या घरात वहिनी कधी काही ठरवत नसे. भाजी कुठली आणायची तेसुद्धा नाही. मग हे वर नेऊन ठेवायचं ते कोणाच्या पुढ्यात? ती परत फिरली असती तर कुणाला कळणार नव्हतं. मुलाखत नव्हतीच झालेली. वरच्या मजल्यावरून कुणाचं तरी मूल मोठमोठ्याने पाढे म्हणत होतं, एका जागी चुकत होतं, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होतं. ती वर गेली.

आई टीव्ही पाहत होती. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. दादा नुकताच बाहेर पडला होता, त्याच्या दाढीच्या साबणाचा वास अजून खोलीत होता.

“दुपारी मला न उठवताच गेलीस,” आई म्हणाली. “जेवून जा आता.”

“आई, टीव्ही बंद कर.”

आईने तिच्याकडे पाहिलं आणि बंद केला. ती बसली नाही. बसलं तर बोलणं होणार नाही असं तिला वाटत होतं. “बाळाला न्यूमोनिया झाला होता. छाती भरली होती त्याची, त्यानं गेला. वहिनीच्या झोपेचा त्यात काही संबंध नाही.”

वहिनीचे हात एका सदऱ्यावर थांबले.

“कोण म्हणतं?” आईने विचारलं.

आजवर या प्रश्नाला तिच्याजवळ कायम उत्तर असे. कार्यालय म्हणतं, अभ्यास म्हणतो, वरून आलंय. तिने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आज पाठीशी कोणीच नाही. यंत्र उलटंच म्हणत होतं, सरांनी ऐकलं नव्हतं, आणि तिकडे दूर कुठे या बाळाचा आकडासुद्धा उरला नव्हता.

“मी म्हणते.”

“तू डॉक्टर कधी झालीस?”

“नाही झाले. वहिनीनं पाहिलं तेवढं पुरे आहे. पोट उडत होतं त्याचं.”

आईने रिमोट खाली ठेवला. तिची नजर काळ्या पडद्यावर होती. वहिनीने सदऱ्याची घडी पुरी केली, वर हात फिरवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “म्हणजे वाचला असता.”

हे होणार हे ती जिन्यावरच जाणून होती. आता एकाच गोष्टीची भीती होती. वहिनीने पुढचं बोलायची. तिला हक्क होता. महिनोन्‌महिने तिने एका प्रश्नाखाली दबून काढले होते, आणि आता तो प्रश्न उचलून समोर भिरकवायला तिला एकच वाक्य पुरलं असतं. वहिनीचे ओठ हलले. तिने दुसरा सदरा घेतला. तो घडी न घालता मांडीवर धरून ठेवला. खोलीत फ्रिजचा आवाज येत होता, तो मध्येच बंद पडला, आणि तिघींनी एकमेकींचं श्वास घेणं ऐकलं.

“मी म्हटलं होतं, सकाळी बघू,” आई म्हणाली.

“मीही ऐकलंच की, आई,” वहिनी म्हणाली. “उचलून घेऊन गेले असते तर तुम्ही काय दार अडवणार होतात?”

“तुला कळत नव्हतं. मला कळत होतं.” आई हे पडद्याकडे पाहूनच बोलत होती. “दुपट्याकडे बघितलं आणि मला कळलं. मला वाटलं, आपण तोंडानं म्हटलं नाही तर ते तसं नसेल. सकाळ होईल. सकाळ होते कधी कधी.” मग तिने मान वळवली, लेकीकडे. “तुम्ही लोक विचारता, ते फक्त आईलाच विचारता?”

“हो. गेलेल्या मुलाच्या आईला.”

“मग मला विचार. मीही आहे तशी.” आईचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. “दादाच्या आधी मला एक झाला होता. कधी सांगितलं नाही तुम्हाला.”

मूल किती दिवसांचं होतं, जन्मल्यावर रडलं होतं का, ताप होता का. प्रश्न आपोआप तिच्या जिभेवर येऊन रांगेत उभे राहिले, आणि तिने ते एकेक करून गिळले. ती खाली जमिनीवर बसली, आईच्या पायांशी. वहिनीने मांडीवरचा सदरा बाजूला ठेवला आणि स्टूल ओढून ती आईच्या शेजारी सरकली, इतकी जवळ की त्यांचे खांदे लागले.

“सांग,” ती खालूनच म्हणाली.

आईने उताणे हात एकमेकांत गुंफले. मग तिने सुरुवात केली, आणि ती बाळापासून केली नाही. “तेव्हा आम्ही पत्र्याच्या खोलीत राहायचो,” ती म्हणाली. “नळ लांब होता. तुझे बाबा बाहेरगावी होते, आणि सासूबाईंनी मला सांगितलं, आज तू नीज, मी आहे जागी…”